माती झाकून आयसोप्रीन कमी होणार नाही

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: झाडं आणि मातीतले जीवाणू आयसोप्रीन नावाचा विषारी वायू सोडतात, त्यातून श्वासाला त्रासदायक ओझोन होतो, पावसात येणारा मातीचा वास हा तोच वायू. म्हणून रात्री पिंपळाखाली बसू नका, कंपोस्टचा खड्डा बुजवा आणि झाडांभोवतीची माती पेव्हर ब्लॉकने झाकून टाका. आमच्याकडे तर ब्लॉकचं कोटेशनसुद्धा मागवून झालंय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

झाडं विष सोडतात?

आयसोप्रीन सोडतात, हे खरं. पिंपळ, पळस, बांबू सगळेच सोडतात. जगभरातली झाडं मिळून वर्षाला अंदाजे ५० कोटी टन, म्हणजे जगभरातून हवेत जाणाऱ्या मिथेनच्या जवळपास तोडीचं. पण आयसोप्रीन आपल्या शरीरातही तयार होतं आणि प्रत्येक उच्छ्वासातून बाहेर पडतं. रबर कारखान्यात हाताळतात ते दाट आयसोप्रीन घातक आहे, त्याबद्दल वाद नाही. झाडाखालच्या हवेत मात्र ते अब्जात काही भाग इतकंच असतं.

रात्री पिंपळाखाली?

पानं आयसोप्रीन उजेडात बनवतात, प्रकाशसंश्लेषणातून मिळणाऱ्या कच्च्या मालावर. अंधार पडला की हे काम थांबतं. रात्रीची भीती घालायला नेमका हाच वायू निवडणं म्हणजे कमालच झाली.

मातीचा वास?

तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जीवाणू ते बनवतात. आयसोप्रीनचा त्याच्याशी संबंध नाही.

जीवाणू आयसोप्रीन बनवतात?

हो. १९९५ साली अमेरिकी संशोधकांनी अनेक जीवाणू तपासले, त्यात बॅसिलस गटाचे सर्वांत पुढे निघाले. यातलाच बॅसिलस सबटिलिस आपले शेतकरी बुरशीनाशक म्हणून कृषी केंद्रातून आणतात. पण झाडांपुढे मातीचं हे उत्पादन अगदीच किरकोळ. कंपोस्टचा खड्डा बुजवून हवेत काडीचाही फरक पडणार नाही, ओला कचरा तेवढा पुन्हा घंटागाडीत जाईल.

आता मेसेजमध्ये जे मुळीच नाही ते सांगते, कारण मला सगळ्यात जास्त खटकलंय ते हेच. मातीतले जीवाणू आयसोप्रीन खातात! १९९७ साली जंगलातल्या जमिनीवर बंद पेट्या ठेवून मोजमाप झालं, तेव्हा पेटीतलं आयसोप्रीन माती भराभर ओढून घेताना दिसली. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी गोड्या पाण्याच्या गाळातून मिळवलेल्या ऱ्होडोकॉकस एडी४५ या जीवाणूची पचनक्रिया उलगडली. तो नुसत्या आयसोप्रीनवरही जगू शकतो. त्याचं एक विकर (एन्झाइम) आयसोप्रीनच्या दुहेरी बंधावर ऑक्सिजनचा एक अणू बसवतं. त्यातून इपॉक्साइड नावाचं जहाल रसायन तयार होतं, आणि ते त्या पेशीलाच जाळू शकतं. म्हणून दुसरं विकर लगेच त्याला ग्लुटाथायोन या पेशीतल्या संरक्षक रेणूशी बांधून टाकतं, मग पुढचं पचन सुरू होतं. केवढी नेटकी व्यवस्था आहे ही! असेच जीवाणू पुढे पॉप्लर झाडाच्या पानांवर आणि इंग्लंडमधल्या खाडीच्या गाळातही सापडले.

सगळं आयसोप्रीन मातीच गिळते, असं मी म्हणत नाही. १९९७च्या त्या अभ्यासात मातीचा वाटा वर्षाला सुमारे २ कोटी टन धरला होता. बाकीचं बहुतेक हवेतच काही तासांत मोडतं. पण जीवाणूंचं हे काम हवा मातीत शिरली तरच चालतं, आणि आपण नेमकी तीच वाट सिमेंटने बंद करायला निघालोय.

ओझोनचं काय?

आयसोप्रीन एकटं जमिनीलगत ओझोनचे ढीग लावत नाही, त्याला नायट्रोजन ऑक्साइड आणि ऊन लागतं. नायट्रोजन ऑक्साइड फार कमी असलेल्या जंगलात आयसोप्रीन उलट ओझोन थोडा खर्चच करतं. घोडबंदर रोडवर नायट्रोजन ऑक्साइड कुठून येतात, हे गायमुखच्या चढावर ट्रकच्या रांगेत अडकलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गुन्हा डिझेलचा आणि शिक्षा पिंपळाला, हे मला मान्य नाही.

आमच्या गेटजवळच्या पिंपळाच्या बुंध्याला जुने ब्लॉक इतके घट्ट भिडलेत की मुळांनी ते उचलून धरलेत आणि पावसाचं पाणी बाजूने वाहून जातं. येत्या सभेत मी कोटेशनच्या विरोधात मत देणार आहे. शिवाय बुंध्यापासून निदान मीटरभर अंतरातले ब्लॉक काढून तिथे कंपोस्ट घालावं, असा लेखी ठरावही मांडणार आहे. अनुमोदनासाठी एक सही हवी आहे.