मीटरवर १२ दिसले म्हणून सप्लाय ठीक असतोच असं नाही

पावसाळा लागला की सांगलीत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: गेटचा इंटरकॉम बंद पडला तर सप्लायला (घरच्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करणाऱ्या डब्याला) मल्टीमीटर लावा, १२ व्होल्ट आले तर सप्लाय ठीक, पॅनेल (गेटवरचं बेल-कॅमेऱ्याचं युनिट) गेलं. सप्लायची लाइट मिचकावत असेल तर सप्लाय गेला. सारखा त्रास होत असेल तर २४ व्होल्टचा लावा. नाहीतर गेटच्या मोटरच्या बोर्डवरूनच लाइन घ्या. आणि बॉक्स उंचावर बसवा.

यातलं फक्त शेवटचं वाक्य बरोबर आहे.

पहिला मुद्दा सगळ्यात महागात पडणारा, कारण त्यापायी चांगलं व्हिडिओ पॅनेल भंगारात जातं. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेला सप्लायसुद्धा त्याला १२ चा आकडा ऐटीत दाखवतो. सप्लायचा दम कळतो तो गेटचं विजेवरचं लॉक उघडताना. पॅनेल नुसतं चालू असताना थोडक्यात भागतं, पण बेल दाबली की कॅमेरा आणि त्याची लाइट जागी होते आणि लॉकच्या कॉइलला वीज गेली की मागणी एकदम वाढते. म्हणून एकानं घरातून लॉकचं बटण दाबायचं आणि दुसऱ्यानं त्याच वेळी सप्लायच्या टर्मिनलवर आकडा बघायचा. १२ चे ८-९ झाले तर सप्लाय दमलाय.

एकटे असाल तर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब आणा. तो पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे २ अँपिअरच्या सप्लायची चांगली परीक्षा होते. १ अँपिअरचा सप्लाय असेल तर १० वॅटचा बल्ब घ्या. थंड फिलॅमेंट सुरुवातीला जास्त ओढते, त्यामुळे क्षणभर आकडा पडला तर चालेल. नंतर तो स्थिर व्हायला हवा. (स्वस्तातल्या पिवळ्या मीटरवर एसी रेंज ठेवून डीसी मोजलात तर भलताच आकडा येतो. त्यावरून भांडणं झालेली आहेत.)

आता तीच मोजणी गेटपाशी करा. सप्लायवर १२ टिकतात आणि गेटवर पडतात, तर दोष वायरीचा. आपल्याकडे कॅट-६ केबलची (इंटरनेटच्या वायरीची) एक जोडी ओढून तिच्यावरच लॉक चालवायची फार हौस. घर ते गेट ४० मीटर धरा. जाऊन-येऊन ८० मीटर तार झाली, तिचा रोध साडेपाच ते साडेसहा ओहमच्या आसपास. अर्ध्या अँपिअरला पावणेतीन ते सव्वातीन व्होल्ट वाटेतच खलास! तिथं दीड स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली तर तोच तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो.

मग २४ चा सप्लाय का नको? कारण वायरीतला तोटा करंट वाहतो तेव्हाच होतो. रात्री पॅनेल नुसतं उभं असताना जवळपास पूर्ण २४ त्याच्या अंगावर येतात. पॅनेलच्या मागच्या पट्टीवर तेवढी मर्यादा लिहिलेली नसेल तर ते जळणारच. व्होल्ट तेच ठेवून अँपिअर जास्त असलेला सप्लाय मात्र बिनधास्त लावा, कारण पॅनेल लागेल तेवढाच करंट घेतं.

मिचकावणारी लाइट आणि बारीक टिकटिक ही बऱ्याचदा सप्लाय शहाणा असल्याची खूण असते. पुढं शॉर्ट झालं की तो बंद होतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो. एमसीबी पाडा, गेटकडे जाणाऱ्या दोन्ही तारा सप्लायवरून काढा आणि परत चालू करा. लाइट स्थिर झाली तर लगेच सप्लाय बदलू नका, आधी पाइपातला जॉइंट शोधा. टेप गुंडाळलेल्या जॉइंटमध्ये पाणी शिरलेलं असतं, नाहीतर बॉक्समध्ये मुंग्या किंवा पाल असते. तारा काढूनही मिचकावत राहिला तर खुशाल बदला. त्याचं झाकण मात्र घरी उघडू नका. आत ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि लाइन काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात.

मोटरच्या बोर्डवरचं आउटपुट गेटच्या सेन्सरसाठी असतं, त्याची मर्यादा मिलिअँपिअरमध्ये मोजतात. त्यात मोटर सुरू होताना इंटरकॉममध्ये घरघर येते ती वेगळीच. शिवाय बोर्डाच्या स्टार्ट टर्मिनलला बहुतेक वेळा फक्त कोरडा संपर्क लागतो, म्हणजे व्होल्ट न देता दोन तारा नुसत्या जोडणारा स्विच. तिथं पॅनेलच्या लॉकचे १२ व्होल्ट दिलेत की बोर्डही गेलाच म्हणून समजा.

राहिला उंचावरचा बॉक्स. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. नदीकाठच्या भागात गेटच्या खांबात गुडघ्याएवढ्या उंचीवर बॉक्स बसवणाऱ्या वायरमनला दोन शब्द सुनवायला काहीच हरकत नाही.