आधी ते पायपुसणं उचला

परवा पहाटे आई पुन्हा पडली. बाथरूमच्या दारातल्या त्याच पायपुसण्यावर! या महिन्यात चार वेळा मी ते माळ्यावर फेकलं आणि चारही वेळा "फरशी ओली होते" म्हणून कुणीतरी परत आणून टाकलं. त्याचा एक कोपरा कायम दुमडलेला. त्यात तिचा अंगठा अडकला, सावरायला तिने टॉवेलचा रॉड धरला आणि तो स्क्रूसकट, भिंतीचा पोपडा घेऊन तिच्या हातात आला. टॉवेल वाळत घालायचा रॉड आहे तो, माणसाचं वजन कसा पेलेल? आधाराचा दांडा बसवा म्हणून वर्षभर घसा कोरडा करतेय. उत्तर काय, तर "बाथरूमचा लूक जातो." आईचा हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा झालाय. तो चालतो?

दादा धावत आला आणि पहिलं वाक्य बोलला, "अगं आई, सांभाळून चालायचं ना!" या वाक्याने माझं टाळकंच सरकतं. ८२ वर्षांची बाई भिंतीला हात लावत, एकेक पाऊल चाचपत चालते. अजून किती सांभाळायचं तिने?

डॉक्टर म्हणतात, वय झालं की पडणारच. ६५च्या पुढे साधारण तिघांतलं एक माणूस वर्षातून एकदा तरी पडतं, मान्य. म्हणून हातावर हात ठेवून बसायचं? तुम्ही बीपीची गोळी वाढवलीत, वर झोपेची दिलीत, पण तिला उभं करून बीपी एकदाही मोजलं नाहीत. आधी आडवं असताना, मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत. वरचा आकडा २०ने उतरला तर उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते की! तेवढीही तीन मिनिटं नाहीत?

भेटायला येणारे तर धन्यच. "आता त्यांना फिरू देऊ नका." बसवून ठेवलं की मांड्यांतलं बळ जातं आणि माणूस आणखी पडतं. पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम नेमाने केले तर पडणं जवळपास चौथ्या हिश्शाने कमी होतं. ते करून घ्यायला कुणी येत नाही, सल्ले द्यायला रांग.

काल संध्याकाळी आईने पाण्याचा पेला तसाच परत केला. "नको गं, रात्री उठावं लागतं. तुम्हाला त्रास." तहान मारतेय ती, आमच्यासाठी!

पायपुसणं आज कचऱ्यात गेलं. उद्या सकाळी मिस्त्री येतोय, दांडा बसणार. आता लूकचं नाव काढून दाखवा कुणी.