गुप्ता बंधूंचा पेपर नेमका कुणाच्या पैशावर चालला?

मामांनी परवा फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला, वर तिरंगा आणि खाली "प्रत्येक भारतीयाने शेअर करा". मजकूर असा की सहारनपूरच्या गुप्ता बंधूंनी साउथ आफ्रिकेत स्वतःच्या पैशानं पेपर आणि न्यूज चॅनल काढून गोऱ्यांच्या मीडियाची मक्तेदारी मोडली, ते बघवलं नाही म्हणून तिथल्या पेपरांनी खोटे ईमेल छापून त्यांना निव्वळ भारतीय म्हणून हाकललं, आणि शेवटी दुबईच्या कोर्टानं निर्दोष सोडलं. मामेबहीण जोहान्सबर्गला नोकरीसाठी निघालीये आणि हे वाचून मामी तिला नको जाऊ म्हणतायत, त्यामुळे नुसतं "फेक आहे" लिहून गप्प बसता येईना.

"स्वतःच्या पैशानं" हे सगळ्यात भारी. साउथ आफ्रिकेत सरकार गुप्तांच्या दावणीला बांधल्याच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती रेमंड झोंडो आयोगाच्या अहवालाचा पहिला भाग जानेवारी २०२२ मध्ये आला, त्यात 'द न्यू एज' या गुप्तांच्या पेपरवर वेगळं प्रकरणच आहे. २०१० मध्ये पेपर निघायच्या आधी सरकारी माहिती खात्याचे प्रमुख थेम्बा मासेको यांना अजय गुप्तांनी जोहान्सबर्गमधल्या आपल्या बंगल्यावर बोलावलं, निघता निघता खुद्द तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांचा फोन आला की गुप्तांना मदत करा, आणि तिथे गेल्यावर सांगण्यात आलं की सरकारी जाहिरातींचं ६० कोटी रँडचं (रँड म्हणजे तिथलं चलन) बजेट आमच्या पेपरकडे वळवा. (गुप्तांनी हे सगळं नाकारलंय, तेही सांगतो.) मासेको ऐकले नाहीत आणि २०११ च्या सुरुवातीला त्यांची खुर्ची गेली, आयोगानं स्पष्ट म्हटलंय की गुप्तांना नकार दिला म्हणूनच झुमांनी त्यांना हटवलं. त्यांच्या जागी आले म्झ्वानेले मान्यी. आणि २०१७ मध्ये गुप्तांनी हाच पेपर आणि चॅनल विकलं कुणाला? याच मान्यींना! तेही गुप्तांनीच दिलेल्या उधारीवर.

बरं, खप किती होता? पेपरनं तो कधी रीतसर ऑडिट करूनच घेतला नाही, तरी सरकारी जाहिराती चालू. वर पेपरचे ब्रेकफास्टचे कार्यक्रम, मंत्री येऊन बोलणार, एसएबीसी हे सरकारी टीव्ही ते लाइव्ह दाखवणार आणि स्पॉन्सरशिपचे पैसे मात्र गुप्तांच्या पेपरला. त्यासाठी एस्कॉम या सरकारी वीज कंपनीनं २०१४ मध्ये ४.३ कोटी रँडचा करार केला, आणि त्याच वर्षी लोकांच्या घरी लोडशेडिंग सुरू होतं. मामा, याला स्वतःचा पैसा म्हणतात का?

गोऱ्यांची मक्तेदारी, यात थोडं तथ्य आहे, मान्य करावंच लागेल. नॅस्पर्ससारखा मोठा मीडिया ग्रुप वर्णभेदी राजवटीच्या बाजूनं उभा होता आणि माफी मागायला त्यांना २०१५ उजाडलं. तिथल्या संडे टाइम्स पेपरनं कर खात्यातल्या तथाकथित गुप्त पथकाच्या चुकीच्या बातम्या छापल्या नि नंतर माफी मागितली. पण त्याच नॅस्पर्सच्या मल्टिचॉइस या डिश टीव्ही कंपनीनं गुप्तांचं एएनएन सेव्हन हे न्यूज चॅनल आपल्या डिशवर दाखवलं, आणि त्यासाठी गुप्तांच्या चॅनलला वर्षाला द्यायची रक्कम ५ कोटींवरून १४.१ कोटी रँडवर नेली. ही बातमी बाहेर काढली न्यूज ट्वेंटीफोरनं, म्हणजे नॅस्पर्सच्याच वेबसाइटनं. मक्तेदारी मोडली कुठे, चांगला घरोबा होता की!

आता "भारतीय म्हणून हाकललं", जे वाचून मामी घाबरल्या. अहो, गुप्तांच्या वाटेत आडवा उभा राहिलेला अर्थमंत्री प्रवीण गोर्धन, डर्बनमध्ये जन्मलेला भारतीय वंशाचा माणूस, झुमांनी त्याला मार्च २०१७ मध्ये काढलं. अहमद कथराडा, मंडेलांसोबत शिक्षा झालेले, २६ वर्षं तुरुंगात काढलेले, त्यांनी २०१६ मध्ये झुमांना राजीनामा द्या असं जाहीर पत्र लिहिलं, तेही भारतीय वंशाचे. आणि संपादक फेरियल हाफजी, भारतीय वंशाची बाई, गुप्तांची बाजू घेणाऱ्या बनावट ट्विटर अकाउंट्सनी तिचे फोटो बिघडवून इतके घाणेरडे प्रकार केले की मेसेज लिहिणाऱ्याला थोडी तरी लाज वाटायला हवी होती. उलट वंशाचं भांडण पेटवायला गुप्तांच्या कंपनीनंच लंडनची बेल पॉटिंजर ही पीआर कंपनी लावली होती. २०१७ मध्ये ब्रिटनच्या पीआर संघटनेनं तिला हाकललं आणि कंपनी बुडाली. म्हणजे खरंच कुणाला हाकललं असेल तर ते हे!

गुप्तांच्या धंद्यातले बाहेर फुटलेले ते ईमेल खोटे? त्या ईमेलची हार्ड डिस्क झोंडो आयोगानं पुरावा म्हणून वापरली. विषय संपला.

राहिलं दुबई. कुठल्याही कोर्टानं या भावांना दोषी ठरवलेलं नाही हे खरंय, पण ते २०१८ मध्येच देश सोडून गेले, आयोगापुढेही आले नाहीत. दुबईत २०२२ मध्ये अतुल आणि राजेश पकडले गेले, आणि २०२३ मध्ये तिथल्या कोर्टानं नाकारलं ते फक्त साउथ आफ्रिकेच्या ताब्यात देणं, तेही कागदपत्रं नि अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यांवर. पैसे खाल्ले की नाही हा खटला तिथे चाललाच नव्हता, मग निर्दोष कुठून सुटले?