भाजक कोणी खाल्ला?

आज सकाळच्या मीटिंगमध्ये पडद्यावर एक हिरवा बाण वर गेलेला दाखवला. 'प्रति कर्मचारी उत्पादन'. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबेल, कंटाळा आला तर सोडून द्या.

पूर्वी मी ज्या कंपनीत होते (नाव विचारू नका), तिथे पॅकिंगचं एक लांब पत्र्याचं टेबल होतं. डुगडुगू नये म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. त्या टेबलावर चौदा बायका काम करायच्या. एका महिन्याच्या एक तारखेपासून त्या कंत्राटदाराच्या रोलवर गेल्या. टेबल तेच, पुठ्ठा तोच, टेप ओढल्याचा चर्रर्र आवाज तोच. बदलला फक्त गेटपासचा रंग, निळ्याचा पिवळा. आणि पुढच्या तिमाहीत आमचं युनिट कार्यक्षमतेत पहिलं! उत्पादन एका नगानं वाढलं नव्हतं. माणसं मस्टरवरून उतरून 'इतर खर्चा'त जाऊन बसली होती, बस्स.

ही हातचलाखी आहे हे तुम्हाला वेगळं पटवून द्यायला नकोच. वर किती निघालं त्याला खाली किती लागलं यानं भागायचं, एवढं सोपं गणित. पण सगळ्यांचं लक्ष अंशावर, आणि भाजक कोणी तरी गुपचूप खाऊन टाकतं. त्यापेक्षा विकत घेतलेला माल आणि सेवा वजा करून मूल्यवर्धन काढा, मग कंत्राटदाराचं बिलही वजा होतं आणि लबाडी बरीचशी उघडी पडते. बरीचशी म्हणतेय, कारण कमी पगाराची माणसं यादीतून गेली की सरासरी तरीही चढू शकते.

अंशही काही धुतल्या तांदळाचा नाही म्हणा. उत्पादन नगांत कोण मोजतं? विक्रीच्या पैशांत मोजतात. मग नुसता भाव वाढवला तरी कंपनी 'कार्यक्षम'! फॉस्टर, हॉल्टिवँगर आणि सिव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये हेच वेगळं करून दाखवलं: नवख्या कंपन्या भाव कमी लावतात, म्हणून पैशांत मोजलं की त्या आहेत त्यापेक्षा कमजोर दिसतात.

मोजण्याची पद्धत मुळात वाईट नाही, हेही सांगते, नाहीतर कॉमेंटमध्ये कोणी तरी येईलच. फॅरेल या अर्थतज्ज्ञानं १९५७ मध्ये म्हटलं की पुस्तकी आदर्शाशी नको, प्रत्यक्षात जे सगळ्यात चांगलं करतात त्यांच्याशी तुलना करा. त्यांची सीमारेषा आखा आणि बाकीचे तिथून किती मागे ते बघा. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी त्यावरून डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस, म्हणजे ही सीमारेषा आकडेवारीतून काढायची गणिती पद्धत, उभं केलं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. कशाला किती वजन द्यायचं ते प्रत्येक युनिटसाठी त्याच्या सोयीनं ठरतं. म्हणजे परीक्षेत ज्याला जो विषय येतो त्यालाच जास्त गुण! तरीही मागे पडलात तर मग बोलायला जागा नाही.

पण सीमारेषा आखणार कोण? तेच पिवळ्या गेटपासवालं युनिट! चौदा बायका गायब करून आम्ही सीमारेषेवर, आणि दुसऱ्या युनिटचा मॅनेजर, ज्यानं आपली सगळी माणसं प्रामाणिकपणे मस्टरवर ठेवली होती, त्याला भर मीटिंगमध्ये ऐकवलं की यांच्याकडून शिका. काय शिकायचं त्यानं? गेटपास रंगवायला? चार्न्स मंडळींच्या मूळ पद्धतीत योगायोगाला जागाच नाही, त्यामुळे एकच खोटा आकडा सगळ्यांची रेषा ओढून नेतो. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७७ मध्ये, योगायोग आणि अकार्यक्षमता वेगळी करायची स्टोकॅस्टिक फ्रंटियरची पद्धत आली होती. चांगली आहे. पण चौदा बायका म्हणजे योगायोग नव्हे हो!

कंत्राट दिल्यानं कधी कधी काम खरंच सुधारतं. मान्य. आमच्याकडे नाही सुधारलं.

आणि मोजूच नका असंही मी म्हणत नाही. मोजलं नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याचं युनिट उत्तम, हेही बघितलंय.

आता राग जरा उतरलाय, तर उरलेलंही लिहून टाकते. तेव्हाच्या कार्यक्षमतेच्या तक्त्यातला पॅकिंगचा रकाना मीच काढला होता. वरून मेल आला, मी 'येस सर' लिहिलं, रकाना डिलीट केला, बेरीज आपोआप बदलली. दोन मिनिटांचं काम. त्या आठवड्यात टेबलाजवळून जाताना एका मावशींनी थांबवलं आणि पिवळा पास दाखवत विचारलं, "मॅडम, आता आम्हाला कुठे धरलंय?" मी म्हटलं, "आहात की मावशी, यादीत आहात." त्या हसल्या आणि टेपचा पुढचा रोल लावायला वळल्या.

आजच्या हिरव्या बाणामागची फाइल सर्व्हरवर आहे, मला उघडता येते. मघाशी उघडली. हजेरीचे तास कुठेच नाहीत. उद्या एक रकाना टाकून बघणार आहे, कंत्राटी तासांसकट. किती वेळ टिकतो, बघू.