बुरशीला बी प्लस

परवा माझ्या बुरशीला बी प्लस मिळाला.

कागदोपत्री ती मुलीची बुरशी. सातवी ब, विज्ञान प्रदर्शन, ‘निरनिराळ्या चीजवर होणारी बुरशीची वाढ’. पण सोळा दिवस रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तिला जाऊन बघितलं कोणी? मी. आलेखाचा कागद पारदर्शक प्लॅस्टिकवर छापून आणून, तो पाकिटावर धरून, एक डोळा मिटून हिरवे चौकोन मोजले कोणी? तेही मीच. आणि परीक्षक बाईंनी दीड मिनिटात, एका हातात चहाचा कागदी कप सांभाळत, लाल पेनाने लिहिलं, “वाढ असमाधानकारक. पालकांचा सहभाग जाणवतो.” म्हणजे वाढ झाली नाही ती नाहीच, वर ती माझ्यामुळे झाली नाही.

शेजारच्या टेबलावर ज्वालामुखी होता. खायचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग. हा ज्वालामुखी मी सातवीत असतानाही होता आणि तेव्हाही त्यालाच पहिला नंबर मिळाला होता. यंदाचा डोंगर थर्माकोलचा होता. राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ सालीच बंदी आली म्हणतात, पण शाळेसमोरच्या ‘प्रोजेक्ट करून मिळतील’ दुकानापर्यंत ती बातमी बहुतेक पोचायची आहे. त्याला ए प्लस. तिथे पालकांचा सहभाग जाणवला नाही. बरोबरच आहे, पालकांनी फक्त पैसे दिले होते.

विषय चिठ्ठ्या टाकून वाटले होते आणि आम्हाला चीज आलं. पनीर, मोझरेला, चेडर, स्लाइसवालं प्रोसेस्ड चीज आणि ‘एक विदेशी चीज’ अशी यादी. पहिले चार प्रकार कोपऱ्यावरच्या डेअरीत मिळाले. पाचव्यासाठी स्कूटरवरून पावसात औंधपर्यंत गेलो. तिथल्या काचेच्या कपाटामागे हातमोजे घातलेला एक मुलगा होता. त्याने विचारलं, “सर, कशाबरोबर सर्व्ह करणार?”

म्हटलं, “सडवायचंय.”

कसायाला गाय विकायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मग जरा सावरून एक निळ्या शिरांचा तुकडा, म्हणजे ब्लू चीज, पुढे केला. “मग हे घ्या. ह्याला आधीच आहे.” शंभर ग्रॅमला तीनशे ऐंशी रुपये. बुरशी फुकट आली, की बुरशीचेच पैसे घेतले, हे पावतीवरून कळलं नाही. फ्रान्समध्ये रोकफोर म्हणून गाव आहे, तिथल्या गुहांमध्ये पूर्वी पावाचे लोफ मुद्दाम बुरसायला ठेवायचे आणि मग त्याची पूड करून अशा निळ्या चीजमध्ये घालायचे. आमच्याकडे पाव आपोआप बुरसतो आणि आई तो कडेचा भाग खुडून उरलेल्याचा चिवडा करते. फ्रेंच झाली असती तर नाव निघालं असतं.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, “बाबा, ब्लू चीज खराब झालं हे ओळखायचं कसं?” प्रश्न इतका चांगला होता की मी तिला अभ्यासाला बस म्हणून सांगितलं.

पाच पाकिटं बंद केली, वर तारखा घातल्या. बायकोने स्वयंपाकघराची हद्द आखून दिली, त्यामुळे ती पाकिटं हॉलमध्ये, चपलांच्या कपाटावर. आणि मग वाट बघणं सुरू झालं.

इथे मला आमच्या भिंतीबद्दल बोललंच पाहिजे. आमच्या बेडरूमची पश्चिमेची भिंत जून ते सप्टेंबर हिरवी असते. चार वर्षं. बिल्डर म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून ओल येते. खिडकी उघडली की पाऊस आत येतो, मग म्हणतो खिडकी कशाला उघडली. सोसायटीच्या सभेत हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात येतो आणि तोवर चहा आलेला असतो. जुलैमध्ये आमच्याकडे चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, लग्नातल्या कोटाच्या कॉलरवर येते, एका वर्षी तर पेटीच्या भात्यावर आली होती. बोलावलं नाही तिथे सगळीकडे. आणि चारशे रुपयांचं दूधदुभतं मांडून, दार लोटून, अक्षत दिल्यासारखं बोलावलं, तर पाचव्या दिवशी पाकिटात काय? काही नाही. स्लाइस तर अशी चकचकीत, जणू आत्ता वेष्टन काढलंय. वेष्टनावर बारीक अक्षरात प्रिझर्व्हेटिव्ह २०० लिहिलेलं असतं, म्हणजे सॉर्बिक ॲसिड. ते बुरशीला उभं करत नाही. शिवाय हे चीज बनवतानाच तापवून वितळवलेलं असतं. हे सगळं मला प्रयोगाच्या सहाव्या दिवशी कळलं. मुलीच्या डब्यात ते मी तीन वर्षं देतोय.

चेडरचंही तेच. कोरडं आणि खारट, बुरशीला प्यायला पाणीच नाही. आई म्हणाली, “अगं बाई, म्हणजे लोणचंच की ते. ओला चमचा घाला, चार दिवसांत येते की नाही बघा.” चाळीस वर्षं घरात ओल्या चमच्यावरून भांडणं झाली आणि आज प्रथमच आईने स्वतःहून ओला चमचा सुचवला. माझे मामा पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ साली सरकारने काढलेली कंपनी, पेनिसिलिनसाठी. तिथे मोठमोठ्या टाक्यांत देशासाठी बुरशी वाढवायचे. आणि भाच्याला एका पाकिटात वाढवता येईना. तो फ्लेमिंग तर १९२८ साली नुसता सुट्टीवर गेला, परत आला तर बशीत पेनिसिलिन. आम्ही सुट्टीवर गेलो असतो तर चपलांचं कपाट चोरीला गेलं असतं.

सातव्या दिवशी मात्र पनीर पावलं. आधी ते पिवळं पडलं, चिकट झालं, त्याला असा वास सुटला की दूधवाला दारातून दोन पावलं मागे उभा राहून पिशवी द्यायला लागला. आणि मग कोपऱ्यात एक पांढरा केसाळ ठिपका, मध्यभागी पिस्त्याच्या रंगाचा. मी मोजला. अडीच चौकोन. मुलीला उठवलं. बायकोला उठवलं. बायको म्हणाली, तिच्या पहिल्या दातालाही तू इतका नाचला नव्हतास.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात सॅम्पलकाका.

हे दुसऱ्या मजल्यावर राहतात. अन्न निरीक्षक होते, २००८ साली निवृत्त झाले, म्हणजे नोकरीतून. सोसायटीच्या गणपतीत प्रसादाचा शिरा ते आधी उजेडात धरतात. दारातच नाक वर करून म्हणाले, “वास कसला?”

“पनीर आहे, काका.”

“विक्रीसाठी?”

“छे! शाळेसाठी.”

“पोषण आहारात?” काकांचा आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला.

मी प्रयोग समजावला. त्यांनी तो सगळा शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “नमुना घ्यावा लागेल.” मला वाटलं गंमत करतायत. ते खाली गेले आणि पिशवी घेऊन वर आले. पिशवीत जाड तपकिरी कागद, सुतळी, लाखेची कांडी, मेणबत्ती आणि तीन स्वच्छ बरण्या. निवृत्त माणसाच्या घरात बरण्या तयार असतात, हे मी समजू शकतो. पण लाख?

“तीन भाग करायचे,” काका म्हणाले. “एक पब्लिक ॲनालिस्टला, तपासायला. दोन लोकल हेल्थ ऑथॉरिटीकडे, जपून ठेवायला.”

माझी चूक अशी की मी फोनवर शोधून बघितलं. म्हटलं, “काका, २००६ चा अन्नसुरक्षेचा नवा कायदा आलाय ना, त्यात चार भाग करतात म्हणे.” मिसळीबरोबर स्लाइसऐवजी पाव मागितल्यावर जुन्या पुणेकराचा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला. “लागू झाला तो २०११ ला,” ते थंडपणे म्हणाले. “माझ्या नंतर.”

मग त्यांनी माझ्या सात दिवसांच्या पनीरचे सुरीने तीन सारखे भाग केले. माझे अडीच चौकोन बरोबर मधोमध चिरले गेले. मी “अहो, अहो” म्हणेपर्यंत ते बरण्यांत होते. “दुधाच्या नमुन्यात खरं तर फॉर्मॅलिन टाकतात,” ते खिसे चाचपत म्हणाले, “नाहीतर नमुना खराब होतो.”

“काका, तो खराबच व्हायला हवाय.”

“नमुना खराब झाला तर केस टिकत नाही.”

“केस कसली?”

याला उत्तर नाही. त्यांनी बरण्या कागदात गुंडाळल्या, वर चिठ्ठी डकवली, सुतळीने बांधल्या. “सही इथे. अर्धी चिठ्ठीवर, अर्धी कागदावर आली पाहिजे. नाहीतर वकील म्हणतो, चिठ्ठी नंतर बदलली.” मी सही केली. अर्धी अर्धी. बँकेत माझी सही कधी जुळत नाही, इथे तीनदा जुळली. मग लाख वितळवली. “चार ठिकाणी सील. एक वर, एक खाली, दोन अंगावर.” सरकारी सील निवृत्तीच्या वेळी जमा करावं लागलं, याचं दुःख त्यांच्या बोलण्यात अजून होतं. त्याऐवजी काकूंच्या करंड्याचं झाकण होतं. त्यावर कमळ आहे. बारा कमळं उमटली. हॉलमध्ये जळक्या लाखेचा आणि सडक्या दुधाचा मिळून जो वास झाला, तो पोस्ट ऑफिसात कोणी पनीर विसरलं तर येईल असा.

“आता पंच,” काका म्हणाले आणि नेमका तेव्हाच कुरिअरवाला आला. बिचारा. बायकोने मागवलेले पायपुसण्याचे दोन नग घेऊन.

“ओटीपी सांगा, सर.”

“आधी सही कर,” काका म्हणाले.

“कशावर?”

“तुझ्यासमोर नमुना घेतला यावर.”

“मी आत्ता आलो.”

“सगळे पंच तेच म्हणतात.”

पोराने पुडकं उलटसुलट केलं, नाकाला लावलं आणि अतिशय सहानुभूतीने मला म्हणाला, “सर, रिटर्न करायचंय का? रिटर्नला ॲपमधून रिक्वेस्ट टाकावी लागते.” शेवटी त्याने सही केली. पुढची सात पार्सलं होती त्याची, त्याला जायचं होतं. काकांनी त्याला पाणी दिलं आणि उलटतपासणीत काय सांगायचं तेही.

जाताना काकांनी पाकिटातून चौदा रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. नमुन्याची किंमत बाजारभावाने द्यावी लागते, तसा नियम होता. पावतीही घेतली. अख्ख्या प्रकल्पातलं हे एवढंच उत्पन्न. एक पुडकं ते घेऊन गेले, पब्लिक ॲनालिस्ट म्हणजे तेच. “तुमचा फ्रीज मोठा आहे,” ते म्हणाले, “तेव्हा लोकल हेल्थ ऑथॉरिटी तुम्ही.”

नवीन पनीर लावायचं तर तारखा चुकत होत्या, आणि तारखा बदलायला मुलीने साफ नकार दिला. ती खोटं लिहिणार नाही म्हणाली. हे संस्कार कोणी केले कोण जाणे, ऐन वेळी आडवे आले. त्यामुळे तक्त्यावर पनीरच्या रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सातव्या दिवशी जप्त’.

परीक्षक बाईंचं बोट तिथेच थांबलं. “जप्त म्हणजे?”

मुलगी खरं सांगायला लागली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ज्वालामुखीकडे बघितलं. मोझरेलावर सोळा दिवसांत चार चौकोन होते, चेडर शून्य, स्लाइस शून्य. फक्त ब्लू चीजचे पहिल्याच दिवशी एकतीस. बाई म्हणाल्या, “पण ही वाढ तुमची नाही, कंपनीची आहे.” आणि कप टेकवून लाल पेन उघडलं. मला ओरडून सांगायचं होतं की बाई, शून्य हाही निकाल असतो, स्लाइसवर काही उगवलं नाही हेच तर उगवलंय! पण दुसऱ्या पालकांची रांग होती आणि ज्वालामुखी पुन्हा उसळला, सगळे तिकडे धावले.

काकांना जिन्यात शेरा सांगितला. ते खूश. “निकालाची प्रत मिळाल्यापासून दहा दिवसांत अर्ज करा. आमच्या वेळच्या कायद्याचं कलम तेरा, पोटकलम दोन. दुसरा भाग सेंट्रल लॅबोरेटरीला जातो. आरोपीचा हक्कच आहे तो.”

“आरोपी कोण, काका?”

“तुम्हीच की.”

आज तिसरा दिवस. पुडकी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहेत, सील तोडायची कोणाची छाती नाही. काल आईने त्यातल्या एकाला हळदकुंकू वाहिलं, लाखेवर कमळ बघून तिला अंबाबाईचं काही असेल असं वाटलं. ते पुसायला म्हणून सकाळी पुडकं बाहेर काढलं, तर खालच्या बाजूला, सुतळीच्या गाठीपाशी कागद ओला झालाय आणि त्यावर काहीतरी मऊ हिरवं आलंय. प्लॅस्टिकचा कागद शोधला, डोळा मिटला, मोजलं.

सात चौकोन.