छैौ म्हणजे काय रे?

विम हा संगणकावर मजकूर लिहायचा एडिटर उघडून तुम्ही सरळ लिहायला लागलात, तर तो लिहून घेत नाही. जुनी फाईल उघडून तुम्ही इंग्रजीत, स्मॉल अक्षरांत, 'डिअर सर' टाइप केलंत, तर डी आणि ई मिळून कर्सरपासून शब्दाच्या शेवटापर्यंतचं सगळं उडतं. पुढचा ए दाबला की एडिटर 'हं, आता बोला' म्हणून लिहायची परवानगी देतो आणि उरलेलं 'आर सर' इमानदारीत फाईलमध्ये उमटतं. म्हणजे साहेबांना नमस्कार करायला गेलात, तर आधी त्यांच्याच फाईलमधला एक शब्द खाल्लात आणि वर त्यांना 'आर सर' म्हणालात.

यामागे विचार आहे. विचार नसता तर इतका त्रास झालाच नसता. विचार असा, की माणूस फाईल उघडून नवीन लिहितो थोडं. वाचणं, हिंडणं, खोडणं, इकडचं तिकडे करणं हेच जास्त. मग किबोर्डावरची सगळी अक्षरं नुसत्या लिहिण्यासाठी अडवून का ठेवायची? म्हणून विममध्ये अक्षरं म्हणजे हुकूम. लिहायचंच असेल तर आय दाबून इन्सर्ट मोडमध्ये जायचं, लिहून झालं की एस्केप दाबून परत नॉर्मल मोडमध्ये यायचं. ज्या मोडमध्ये लिहिता येत नाही तो नॉर्मल, हे पहिल्या दिवशी पचत नाही. नंतर पचतं आणि तिथूनच माणूस बिघडतो.

बिल जॉय नावाच्या गृहस्थाने १९७६ साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात विमचा पूर्वज 'व्हीआय' लिहिला, तेव्हा त्याच्यासमोर एडीएम-३ए नावाचं टर्मिनल, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेला पडदा आणि किबोर्ड, होतं. त्यावर बाणांची वेगळी बटणंच नव्हती. एच, जे, के आणि एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते: डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. एस्केपचं बटण होतं आज जिथे टॅब असतो तिथे, करंगळीच्या शेजारी. घरून काम करायचं तर ३०० बॉडचा मोडेम, म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरं. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळींचा पडदा भरायला मिनिटाहून जास्त वेळ. अशा वेळी माणूस मोजकंच बोलणार. त्या टर्मिनलचे बाण गेले, मोडेम गेला, एस्केप बिचारा कोपऱ्यात जाऊन बसला. पण आज फायबरच्या जोडणीवर बसून मी डोंगराएवढा पडदा समोर असताना जे दाबूनच खाली उतरतो. सांगलीच्या टायपिंग क्लासात आमच्या सरांनी उजवा हात जे, के, एल आणि अर्धविरामावर ठेवायला शिकवला होता. विमसाठी तो एक घर डावीकडे सरकवायचा. बोटांवर पट्टी मारून बसवलेली शिस्त अशी एका घराने मोडली.

एकदा सवय झाली की मात्र सुख आहे, खोटं कशाला बोला. सी, आय आणि अवतरणचिन्ह अशी तीन बटणं दाबली की अवतरणातला सगळा मजकूर उडतो आणि तुम्ही नवीन लिहायला मोकळे. डी, टी आणि पूर्णविराम म्हणजे 'इथून पूर्णविरामापर्यंत खोड, पूर्णविरामाला हात लावू नकोस'. आणि नुसतं टिंब म्हणजे 'मघाशी केलंस तेच पुन्हा कर'. सर्व्हरच्या फाईलमध्ये वीस ठिकाणी जुना पत्ता बदलायचा असेल, तर तो शोधून पहिल्यांदा नीट बदलायचा आणि मग एन, म्हणजे 'पुढचं ठिकाण दाखव', टिंब, एन, टिंब. त्या वेळी आपण काम करतोय असं वाटत नाही, पेटी वाजवतोय असं वाटतं.

या सुखाचा तोटा असा, की दुसऱ्याचं काम बघवत नाही. शेजारचा पोरगा बाणाचं बटण दाबून धरून ओळीच्या शेवटाकडे निघालेला असतो. लाल डबा फाट्याफाट्यावर थांबतो तसा त्याचा कर्सर प्रत्येक अक्षरावर थांबतो आणि मी मागे उभा राहून दात आवळतो. विममध्ये डॉलर दाबला की कर्सर थेट ओळीच्या शेवटी जातो. 'डॉलर दाब ना,' असं एकदा न राहवून म्हणालो. त्याने शिफ्ट आणि चार दाबले. त्याच्या एडिटरात डॉलर उमटला. 'आता, सर?' त्याने अत्यंत आदराने विचारलं.

असो. हे सगळं इंग्रजीत चालतं. मी मराठीत लिहितो.

मराठीसाठी मी इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची किबोर्डची मांडणी वापरतो. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की किबोर्ड इंग्रजीचा मराठी होतो. आता विमचे माझ्या वापरातले मोड दोन, किबोर्ड दोन. म्हणजे मी कुठल्याही क्षणी चारपैकी एका अवस्थेत असतो. नॉर्मल आणि इंग्रजी: हुकूम चालतात. इन्सर्ट आणि मराठी: लेख चालतो. इन्सर्ट आणि इंग्रजी: मराठी वाक्याच्या मध्येच रोमन कचरा. नॉर्मल आणि मराठी: काहीच होत नाही, नुसती घंटी वाजते. विमला र, क, प, त या अक्षरांचे हुकूम माहीतच नाहीत. चार खोल्यांच्या घरात दोनच राहण्याजोग्या, आणि एकीतून दुसरीत जायचं तर उरलेल्या दोहोंपैकी एकीतून जावंच लागतं.

खरी गंमत एस्केप दाबायचं राहिलं की. परिच्छेद छान जमलेला असतो. आपण खुशीत चार ओळी खाली जायला जे, जे, जे, जे दाबतो. इनस्क्रिप्टमध्ये जे म्हणजे र. फाईलमध्ये 'रररर' उमटतं. चुकलं, ओळच उडवू म्हणून डी, डी. डी म्हणजे हलन्त. शेवटच्या र चा एकदा पाय मोडतो, आणि मोडलेला पाय पुन्हा मोडतो. घाबरून आपण यू दाबतो, कारण विममध्ये यू म्हणजे केलेलं मागे घे. इनस्क्रिप्टमध्ये यू म्हणजे ह. पुन्हा दाबतो. पुन्हा. पडद्यावर 'हहहहह'. माझ्यावर माणसं हसलेली आहेत, पण फाईल हसलेली मी इथेच पाहिली.

मग शहाण्यासारखं एस्केप दाबायचं, किबोर्ड इंग्रजी करायचा आणि शांतपणे एकदाच यू. यावर विम जे करतो त्याला तोड नाही. त्याच्या हिशेबात इन्सर्ट मोडमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचं सगळं मिळून एकच कृत्य. त्यामुळे 'हहहहह' जातं, 'रररर' जातं आणि त्याआधीचा तो छान जमलेला परिच्छेदही जातो. कंट्रोल-आर दाबला की परिच्छेद परत येतो, हसण्यासकट.

शुद्धलेखनाचं आणखी वेगळं. विमच्या दृष्टीने अक्षर आणि त्याची वेलांटी हे एकच बिऱ्हाड. 'माहीती' लिहून बसलात आणि ही ची दीर्घ वेलांटी काढायला गेलात, तर वेलांटीबरोबर ह सुद्धा घर सोडतो. यावर इलाज आहे. 'डेलकम्बाइन' नावाचं एक सेटिंग सुरू केलं की वेलांटी एकटी खुडता येते. ते मुळात बंद असतं. ह्रस्व-दीर्घावरून मराठी माणसाची झोप उडू शकते, हे ज्याने ते बंद ठेवलं त्याला कुणी कळवलं नसावं. ब्राम मोलेनार या डच गृहस्थाने अमिगा संगणकावर काम सुरू करून १९९१ साली विम बाहेर आणला, आणि पुढे जन्मभर त्याच्या पहिल्या पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करायचं आवाहन ठेवलं. २०२३ मध्ये ते गेले. इतक्या सज्जन माणसावर वेलांटीवरून रागावणं मला जमत नाही.

विममधून बाहेर कसं पडायचं, हा विनोद आता जुना झाला. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा तो प्रश्न २०१७ सालीच दहा लाखांवर वेळा पाहिला गेला होता. माझी अडचण उलटी आहे. मी बाहेर पडतो, बोटं आतच राहतात. विममध्ये लिहिताना कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की मागचा एक शब्द पुसला जातो. ब्राउझरमध्ये तेच दाबलं की अख्खा टॅब बंद होतो. विम्याचा ऑनलाइन अर्ज, नऊ पानं, आईचं माहेरचं नाव, चष्म्याचा नंबर, सगळं भरून शेवटच्या रकान्यात एक शब्द चुकला. पुसला. पुढची शांतता शेजारच्या खोलीतही ऐकू गेली.

आणि घरचा व्हॉट्सॲप ग्रुप. तो मी संगणकावरच बघतो, कारण फोनवर टाइप करणं मला जमत नाही. भाच्याच्या साखरपुड्याचा निरोप मी मन लावून लिहिला: दिवस, वार, कार्यालयाचा पत्ता, जेवणाची वेळ. लिहून झालं की बोटं आपोआप कोलन, डब्ल्यू, क्यू दाबतात. जतन कर आणि बाहेर पड. मराठी किबोर्डवर त्याचं होतं 'छैौ'. पाठोपाठ एंटर, म्हणजे निरोप गेलासुद्धा.

'छैौ म्हणजे काय रे?' आत्याने विचारलं.

मी उत्तर जुळवेपर्यंत काकांनी अंदाज बांधला होता, मुलीकडचे गुजराती आहेत. त्यावर आत्या: 'आम्हाला आधी सांगायला काय झालं होतं?' मग जेवणात उंधियू असणार का, यावर संध्याकाळपर्यंत चर्चा चालली. मुलीकडचे मिरजेचे आहेत.

इतकं असून लेख मी विममध्येच लिहितो. गेल्या साली एका दिवाळी अंकाला असाच एक पाठवला होता, तेव्हा संपादकांचा फोन आला. 'लेख उत्तम झालाय,' म्हणाले, 'मध्ये एके ठिकाणी पात्र काही न बोलता नुसतं रररर म्हणतं, तो प्रयोग धाडसी आहे. आम्ही ठेवलाय. फक्त आमच्या मुद्रितशोधक बाईंना चार र जरा जास्त वाटले, त्यांनी एक कमी केलाय. चालेल ना?'

चालेल म्हटलं.