रिव्हर व्ह्यू मागून घ्या

मुलांना मे महिन्याची सुट्टी लागली आहे. खंडाळ्याच्या घाटात गाडीत बसून उलट्या पुसायची तुमची तयारी नाही आणि गावच्या गाडीची वेटिंग लिस्ट तुम्ही मार्चमध्येच बघून गप्प बसला आहात. मग मुंबईतच दोन रात्री हॉटेलात राहा. हल्ली सगळेच राहतात. त्याला एक इंग्रजी नावही आहे, ते उच्चारलं की घरापासून वीस किलोमीटरवर जाऊन पैसे घालवणं एकदम शहाणपणाचं वाटायला लागतं. सासूबाई म्हणतील, "अगं, मग गोरेगावला मावशींकडेच जा की चार दिवस." लक्ष देऊ नका. मावशींकडे रिव्हर व्ह्यू नाही.

आम्ही हा व्ह्यू नुकताच दोन रात्री उपभोगून आलो. मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि पाचाला टेकलेला मुलगा. त्या पुण्याईवर इतर आयाबापांना चार गोष्टी सांगते.

खोली घेताना सिटी व्ह्यू आणि रिव्हर व्ह्यू असे दोन पर्याय येतात. रिव्हरला रात्रीचे पंधराशे जास्त. द्या. लेकरांनी नदी कधी बघायची? फोटोत पाणी काठोकाठ असतं, वर निळं आकाश, कडेला हिरवीगार तिवरं. हा फोटो भरतीच्या वेळी काढलेला असतो. मिठी नदीत पार कुर्ल्यापर्यंत खाडीचं पाणी आत शिरतं, काही तासांनी निघून जातं आणि ते गेल्यावर मागे जे उरतं ती तुमच्या वाट्याची रिव्हर. म्हणून चेक-इन दोनला असलं तरी आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. वास्तुशांतीला मुहूर्त बघता ना, मग खिडकीला का नको?

काउंटरवर मुलाचं वय विचारलं तर मुलाला बोलू देऊ नका. ("मी पाच!" नाश्त्याचे नऊशे रुपये.)

स्विमिंग पूलसाठी नायलॉनचे कपडे, टोप्या, गॉगल आणि फुगवायचं बदक आठवणीने न्या. पूल देखभालीसाठी बंद असतो.

आता मुख्य सोहळा, पडदा उघडण्याचा. मुलांना पलंगावर ओळीने बसवा म्हणजे उत्सुकता ताणली जाते. आमच्याकडे नवऱ्याने "टडाऽऽ" करून पडदा ओढला. समोर ओहोटी. डांबरासारखा काळा गाळ, मधून ऑइल पेंट सांडल्यासारखं चकाकणारं पाणी, आणि काठावर काढलेल्या गाळाचे ढीग ओळीने वाळत घातलेले. गच्चीवर आजी सांडगे घालते तसे. त्यांच्यामध्ये दोन पिवळी धुडं माना खाली घालून चरत होती.

"जेसीबी!" मुलगा किंचाळला.

"पोकलेन आहे तो. जेसीबीला चाकं असतात," मुलगी म्हणाली. मग खिडकीला नाक लावून तिने नीट पाहिलं. "आई, हा तर आपल्या घरामागचा नाला."

मी तिला गप्प करायला गेले आणि माझ्याच लक्षात आलं की पोरगी बरोबर बोलतेय. आम्ही बोरिवलीचे. आमच्या बिल्डिंगमागून जी वाहते ती दहिसर नदी, तुळशी तलावापासून निघालेली, कागदोपत्री अस्सल नदी. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तिच्यात पोरं डुंबायची. आज तिला नदी म्हणणारा माणूस आमच्या सोसायटीत शोधून सापडणार नाही. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा "मागे नाला आहे, वास येतो, डास येतात" म्हणून बिल्डरकडून दोन लाख कमी करून घेतले होते. घरी ज्या दृश्यापायी दोन लाख वळते करून घेतले त्याच दृश्याला इथे रात्रीचे पंधराशे जास्त मोजले, वर टॅक्स वेगळा. हुशारीचं काम आहे, सगळ्यांना जमत नाही.

वासाचं म्हणाल तर खिडकी उघडत नाही, ती कायमची बंद असते. तरी तो एसीतून येतो. मी आधी मुलाचे बूट हुंगले, मग नवऱ्याचे मोजे, मग बाथरूमची जाळी. शेवटी खाली फोन केला. मॅनेजर नम्र होता. म्हणाला, "मॅडम, लो टाइड आहे." जणू ओहोटी मीच सोबत आणली होती. मी म्हटलं, रिव्हर व्ह्यूचे जास्तीचे पैसे घेतलेत तुम्ही. तो म्हणाला, "व्ह्यू तर रिव्हरचाच आहे ना, मॅडम?" यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर मला कळवा, मी दोन दिवस शोधतेय. मग त्याने लेमनग्रासचा फवारा पाठवला. त्याने वास जात नाही. मिठी आणि गवती चहा असा एक नवाच वास तयार होतो, जो माझ्या सुटकेसमधून अजून गेलेला नाही.

मुलांच्या करमणुकीची मात्र चिंता करू नका. पेंग्विन, मॉल, बॉल पिट काही लागत नाही. आमचा चिरंजीव बुधवारी सकाळी सातपासून खिडकीत बसून डंपर मोजत होता. एक भरला की वहीत एक रेघ. चौदा रेघा झाल्या. 2025 साली याच मिठीचा गाळ काढण्याच्या कामात 65 कोटींच्या घरातला घोटाळा झाल्याचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने नोंदवला. न केलेल्या कामाची बिलं लावल्याचा आरोप आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल. माझ्या मुलाला अजून वीसपर्यंतच आकडे येतात. पण जो डंपर गेला तोच तो मोजतो.

राणीच्या बागेत बुधवारीच जा. गेटसमोर अजिबात गर्दी नसते. शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही त्या दिवशी तितकंच निवांत असतं.

जाताना भुयारी मेट्रो घ्या. बीकेसीहून धारावीकडे जाताना ती मिठीच्या खालून जाते, मुलांना तेवढंच ज्ञान. मी सांगितलं, "आता आपल्या डोक्यावर नदी आहे." मुलगा छताकडे बघत म्हणाला, "गळणार नाही ना?" शेजारच्या काकाही वर बघायला लागले.

फोटो काढायला विसरू नका. खालचा दोन तृतीयांश भाग कापला की सूर्यास्त फार सुरेख येतो. मी "रिव्हरसाइड विथ माय बेबीज" लिहून टाकला. त्र्याऐंशी लाइक आले. एका मैत्रिणीने विचारलं, केरळ का गं?

शेवटच्या रात्री मुलं झोपल्यावर खिडकीतल्या खुर्चीत बसा. त्याचेही पैसे भरलेत. नवरा आणि मी बसलो होतो. तो एकदम म्हणाला, "तिकडे, त्या दिव्यांच्या मागे कुठेतरी मी बसच्या टपावर होतो." 26 जुलैबद्दल तो एरवी बोलत नाही. कॉलेजात होता तेव्हा. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, त्याच वर्षी मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं, आणि आज खिडकीखाली पोकलेन चरतायत. मी काही बोलले नाही. खाली नदीवरचा पूल दिसत होता. त्यावर एक पांढरी मोठी गाडी थांबली, हॅझर्ड लाइट लावून. एक गृहस्थ उतरले, चांगले इस्त्रीच्या कुडत्यातले. हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. पुलाला माणसाच्या उंचीहून वर जाळी आहे, खास अशाच लोकांसाठी लावलेली. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन ती जाळीवरून बरोबर पलीकडे फेकली. सराव असल्याशिवाय इतकी नेमकी जात नाही. मग हात जोडून नमस्कार केला. मागच्या काचेत दोन लहान मुलं होती, ती बघत होती. त्यांनीही नमस्कार केला.

त्यांचं हे पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

अहो, कुणाला नमस्कार करताय? पिशवी पडली ती गाळात. देव कुठल्या पाण्यात गेला? आणि लगेच झोपडपट्टीकडे बोट दाखवू नका, दरवेळी तेच करता. ज्याच्या घरात संडास नाही तो कुठे जाणार हा प्रश्न सरकारला विचारा, जोरात विचारा, मी येते सोबत. पण तीन बाथरूमच्या फ्लॅटमध्ये राहून वाढदिवसाच्या केकचं खोकं खिडकीतून मागे टाकणाऱ्यांचं काय? आमच्या सोसायटीत आहेत असे. फर्निचर करून उरलेलं प्लायवूड "जरा त्या बाजूला सारून द्या" म्हणून वॉचमनला वीस रुपये देणारे आहेत. त्या बाजूला म्हणजे कुठे, हे सगळ्यांना माहीत असतं.

दिल्लीकरांना यमुनेबद्दल निदान हरियाणाशी भांडता येतं. आपल्याला तेही नाही. मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा, चारही नद्या मुंबईतच उगम पावतात आणि मुंबईतच संपतात. मिठी तर विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी. पावसाळ्यात "विहार भरून वाहू लागला" अशी बातमी आली की तुम्हीच ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकता ना? ते वाहून जाणारं पाणी हेच आहे. तिथपासून माहीमच्या खाडीपर्यंत अठरा किलोमीटरसुद्धा पुरी नाही ती. अठरा किलोमीटरमध्ये आपण तिचं हे केलं. आपणच. बाहेरून कोणी आलं नव्हतं.

आणि मी कोण मोठी शहाणी? मीही त्र्याऐंशी लाइक मोजत बसले. आठ वर्षांच्या पोरीने नाला म्हटलं तर तिलाच गप्प करायला निघाले होते. तिला नदी माहीतच नाही, ती काय ओळखणार? तिच्यावर कसली डाफरतेस? फॉर्ममध्ये हॉटेलाला चार तारे दिले मी. का, तर नाश्त्याला इडली गरम होती!

तर तुम्ही, कुडतेवाले. आणि तुम्ही, केकवाले. हार, फुलं, दुर्वा त्या पिशवीतून बाहेर काढा आणि जिन्याखाली जा. तिथे दोन पिंपं आहेत, एक निळं, एक हिरवं. हिरव्यात टाका. कचरा नेणाऱ्या ताई सकाळी आठला येतात, त्यांच्या आधी टाका. पिशवी मात्र निळ्यात. आणि जाताना मुलांना सोबत न्या.